समोरची बाजू

इंग्लंड विरुद्ध टोंगा हा सामना हॅडलथॉर्पसारख्या एवढ्याशा गावात टिल्डा मॉक्सननं आणला, असं सगळं गाव म्हणत होतं. आणि खरं सांगायचं तर टिल्डालाही ते अगदी मनापासून पटलं होतं.

झालं होतं असं. रग्बी लीगच्या मोठ्या सामन्यांची मैदानं ठरवणारी समिती त्या वसंतात गावोगाव फिरत होती. मोठ्या शहरांतल्या अवाढव्य फुटबॉल मैदानांवर खेळ ठेवले की अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. टीव्हीवर ते बघून लोक म्हणायचे, हा खेळ संपला बरं का. हॅडलथॉर्पची बाजू क्लबच्या अध्यक्षांनी मांडायची होती, पण ऐन वेळी त्यांच्या घशाला कोरड पडली. मग मुलींच्या संघाची कॅप्टन म्हणून शोभेला बसवलेली टिल्डाच उठली. वर्षापूर्वी वर्गात धडा वाचायला सांगितला तर जिचे कान लाल व्हायचे, ती ही टिल्डा.

"बाई," ती समितीच्या प्रमुख कॅथकार्ट बाईंना म्हणाली, "आठ हजार माणसं साठ हजारांच्या मैदानात बसवलीत तर ती ताटाला चिकटलेल्या वाटाण्यांसारखी दिसणार. तीच माणसं आमच्याकडे आणा. मुंगीला शिरायला जागा उरणार नाही!"

"आणि माणसं नाही आली तर?"

"तर मी घरोघर जाऊन एकेकाचा कान धरून आणीन."

सगळी खोली हसली. सामना मिळाला. वर कॅथकार्ट बाईंनी असंही सांगून ठेवलं की हा नीट पार पडला, टीव्हीवर भरलेला दिसला, तर पुढच्या वर्षी विश्वचषकाचा सामनाही इथंच. नाहीतर पुन्हा सगळं शहराकडे. तेव्हापासून टिल्डा रस्त्यानं चालायची ती जणू कपाळावर दिवा लावून. बेकरीवाली तिला फुकट बन द्यायची, आणि टिल्डाही तो हक्कानं घ्यायची!

या सगळ्यात सगळ्यात खूश कोण, तर तिचे आजोबा विल्फ. "माझी नात बोलली आणि समिती गप्प झाली," असं ते बसस्टॉपवर परक्या माणसांनासुद्धा सांगायचे.

आजोबांची एक गोष्ट फक्त टिल्डाला माहीत होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. कडेकडेनं थोडं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जायचं. डोळ्यांच्या दवाखान्यात टिल्डाच त्यांच्याबरोबर गेली होती आणि परत येताना त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता. "तुझ्या आईला कळलं तर मला मैदानावर जाऊ देणार नाही ती. आणि माझ्या त्या दोस्ताला, अर्नीला कळलं तर जन्मभर चिडवेल."

"पण तुम्हाला दिसतं काय मग तिथं?"

"दिसायला कशाला हवं? गोठ्यात मला सगळं ऐकू येतं."

गोठा म्हणजे मैदानाची छपराची बाजू. पत्र्याचं बुटकं छप्पर, त्याखाली उभं राहायच्या पायऱ्या. तिथल्या खालच्या कोपऱ्यातल्या कठड्याला धरून आजोबा उभे राहत. खेळाडूंची धडक, दम लागलेला श्वास, एकमेकांना घातलेल्या शिव्या, सगळं पत्र्यावर आपटून त्यांच्या कानात यायचं. चेंडू कुणाकडे आहे, तो रेषेपलीकडे टेकवून ट्राय कुणी केला, हे ते शेजारच्या डोळसांच्या आधी सांगायचे. समोरची बाजू मात्र उघडी, वाऱ्याची. तिला सगळे सायबेरिया म्हणत. तिकडे गावातला माणूस फक्त चुकून जायचा.

सामन्याच्या दिवशी माणसं आली. मनसोक्त आली! शेजारच्या गावांतून बस भरून आली. टिल्डा गळ्यात ओळखपत्र लटकवून नुसती नाचत होती. घोषणा करणाऱ्या बॅरीकाकांच्या खोक्याएवढ्या खोलीत, मैदानाच्या कोपऱ्यावर, तिला खास जागा दिली होती. दुपार कलली तसा बारीक पाऊस सुरू झाला, आणि तेवढ्यात टीव्हीवाला माणूस धापा टाकत आला.

"हे काय आहे?" त्यानं खोलीतला छोटा पडदा दाखवला.

पडद्यावर ओलं सिमेंट होतं. ओळीनं रिकाम्या पायऱ्या, आणि एका कोपऱ्यात लाल झेंडे घेतलेली टोंगाची मूठभर मंडळी. बाकी चिटपाखरू नाही.

"पण मैदान तर भरलंय!" टिल्डा म्हणाली.

"भरलंय ना. पण माझे कॅमेरे गोठ्याच्या छपरावर आहेत, आणि तुमची झाडून सगळी माणसं त्या छपराखाली! कॅमेऱ्याला आपल्या पायाखालचं कसं दिसणार?"

कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. हॅडलथॉर्पमध्ये आपली जागा म्हणजे आपली जागा, बापाची, आजाची. तिकिटावर काय छापलंय ते कुणी वाचतच नाही.

बॅरीकाकांनी माइकवरून सगळ्यांना समोरच्या बाजूला जायची विनंती केली. गोठ्यातून उत्तर आलं, "तूच जा की, बॅरी! छत्री देतो!" त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी शिट्ट्या आल्या. कॅथकार्ट बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टिल्डाकडे पाहिलं. भुवया उंचावल्या. घरोघर जाऊन कान धरून आणणार होतीस ना?

टिल्डानं माइक घेतला.

"अहो हॅडलथॉर्पकर! मी टिल्डा! साखरेचे आहात का, पावसात विरघळायला?"

हशा पिकला. तो हशा तिला खोलीच्या काचेपर्यंत थडकलेला जाणवला, आणि अंगात काहीतरी उसळलं. आता आणखी हवं. आणखी मोठं. तिला कोपऱ्यातली ओळखीची टोपी दिसली.

"विल्फ मॉक्सन! हो हो, तुम्हीच! माझेच आजोबा आहेत, म्हणून हक्कानं सांगते. चाळीस वर्षं तो कठडा धरून उभे आहात. सोडा आता, पडणार नाही तो! आणि तिथून तुम्हाला असं मोठं काय दिसतं हो, जे समोरून दिसणार नाही?"

गोठा खदखदून हसला. अर्नीम्हातारा तर कठड्यावर वाकून हसत होता. "जा रे विल्फ, वरून हुकूम आलाय!"

आजोबांनी टोपी काढली आणि हसऱ्या चेहऱ्यानं नातीला सलाम केला. पण केला तो खांबावरच्या कर्ण्याला. खोली दुसरीकडेच होती.

टिल्डाच्या हातातला माइक चालूच होता. तिनं तो बंद करून खाली ठेवला.

आजोबांनी अर्नीच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायानं एकेक पायरी चाचपत ते निघाले. लोकांना वाटलं, म्हातारा नाटक करतोय. टाळ्या पडल्या. "चला रे, विल्फ चालला!" आणि त्यांच्या मागोमाग ढीगभर माणसं उठली, हसत, एकमेकांना ढकलत, गोलपोस्टच्या मागून वळसा घालून पावसात चालू लागली. सामना सुरू होईपर्यंत छोट्या पडद्यावर माणसांची भिंत उभी राहिली होती.

"काय पोरगी आहे!" टीव्हीवाला म्हणाला.

अजूनही तिला जाता आलं असतं. हात धरून त्यांना परत आणता आलं असतं. पण खेळाडू मैदानात उतरले, गाणी झाली, टोंगाच्या खेळाडूंनी त्यांचं युद्धनृत्य केलं, आणि कुणीतरी म्हणालं, टिल्डा, इथंच थांब, मध्यंतरात तुझी मुलाखत आहे. ती थांबली. मुलाखत काही कुणी तिच्या गळ्यात बांधली नव्हती, तिला ती हवी होती. हेच तिला नंतर सगळ्यात जास्त टोचलं.

काचेतून ती सायबेरियाकडे बघत राहिली. वारा तिकडून सुटला होता आणि मैदानातले सगळे आवाज फाडून घेऊन जात होता. अर्नी गर्दीत कुठं हरवला कोण जाणे. आजोबा अनोळखी लोकांच्या मधोमध उभे होते, टोपीतून पाणी गळत होतं, आणि तोंड समोरच्या पत्र्याच्या छपराकडे वळवलेलं, जणू तिथून काही ऐकू येईल म्हणून. लोक ओरडले की ते ओरडत. पण जरा उशिरा. सगळ्यांचे हात खाली आल्यावर त्यांचे वर जात.

मध्यंतरात तिनं मुलाखत दिली. "आजोबा माझ्या एका हाकेत गेले बघा," असंही म्हणाली. हसून म्हणाली.

इंग्लंड थोडक्यात जिंकलं. कॅथकार्ट बाईंनी तिला चक्क मिठी मारली. "विश्वचषकाचा सामना तुमचाच समज. आणि वसंतात आणखी दोन मैदानांवर आम्हाला हीच अडचण येणार आहे. येशील? ते आजोबांचं फार झकास होतं. ठरवून केलंत ना दोघांनी?"

"हो," टिल्डा म्हणाली.

आजोबा फाटकाशी उभे होते, ओलेचिंब. बसमध्ये त्यांना खिडकीजवळ बसवून ती शेजारी बसली. बस खच्चून भरली होती. पलीकडच्या बाकावर मांडीवर लाल झेंडा घडी करून ठेवलेली टोंगाची एक दणकट बाई बसली होती.

"छान झाला सामना," आजोबा म्हणाले. दात वाजत होते त्यांचे. "आणि शेवटचा ट्राय तर काय सुंदर!"

"हो ना."

मग ते तिच्या कानाशी वाकले. "खरं सांगू का टिल्डे, तिकडे काहीच ऐकू येत नाही गं. नुसता वारा. तू सांग ना. शेवटचा ट्राय कसा झाला?"

टिल्डानं तोंड उघडलं. आठवत होतं ते इतकंच. एक टोपी, पाऊस, उशिरा वर जाणारे दोन हात. चेंडू तिनं बघितलाच नव्हता.

"म्हणजे... उजव्या बाजूनं," ती म्हणाली. "आपल्या त्या विंगरनं चेंडू घेतला, आणि दोघांना चुकवून सरळ रेषेपलीकडे टेकवला."

"नाही गं बाळा," पलीकडची बाई म्हणाली. "डाव्या बाजूनं. आणि तुमच्या नाही, आमच्या पोरानं!"

बसमधले दोघंतिघं हसले. आजोबा हसले नाहीत. नेहमीसारखं त्यांनी तोंड किंचित बाजूला वळवलं, तिला डोळ्याच्या कडेनं बघता यावं म्हणून.

"तू बघितला नाहीस?"

"नाही."

"काहीच?"

"तुमच्याकडे बघत होते."

बस वळणावर कलली. आजोबांनी समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली. "मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "ते माइकवरचं तू मुद्दाम म्हणालीस. मला काय दिसतं वगैरे. कुणाला माझ्या डोळ्यांचा संशय येऊ नये म्हणून. मी उभ्या उभ्या म्हणत होतो, काय डोकं आहे पोरीचं."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. दिवसभर ती लोकांना हवं तेच बोलत आली होती, आणि हे तर आजोबांनी स्वतः पुढे केलेलं. तिचे कान तापले, अगदी वर्षापूर्वीसारखे.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "लोक हसत होते. मला आणखी हसवायचं होतं. तुमचे डोळे माझ्या लक्षातच राहिले नाहीत."

आजोबांनी मान डोलावली. रागावले नाहीत, "जाऊ दे" असंही म्हणाले नाहीत. खिडकीवर वाफ धरली होती. बाहीनं त्यांनी ती पुसली, दिसणार काहीच नव्हतं तरी. मग पलीकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता का? पहिल्यापासून सांगा. आम्हाला गावाच्या पार टोकाला जायचंय, आणि रस्ता तुंबलाय."

"पहिल्यापासून?" बाईनं झेंडा सरळ केला. "पण मी आमच्या बाजूनं सांगणार हं! तुमचे दोन ट्राय तर मी मानतच नाही."

"चालेल," आजोबा म्हणाले. "पण जरा जवळ या. मोठ्यानं सांगा."

टिल्डा उठली आणि तिनं आपली जागा त्या बाईला दिली. ती शेजारी उभी राहिली, खाली मान घालून, आणि सगळा सामना तिनंही पहिल्यांदाच ऐकला.