कुंकवाकडची लाल तार

मित्रांनो, ज्या जुन्या जीपनं वडनेरचे कितीतरी नवरदेव मांडवापर्यंत पोचवले, ती मीच. आता नालवाडीजवळ भंगाराच्या ढिगात उभी आहे. वाईट वाटतं का, असं विचाराल तर खरं सांगते, काहीच वाटत नाही.

कारखान्यातून आले तेव्हा हिरवीगार होते. किराणा दुकानदार मोतीलालजींनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दर दसऱ्याला ते बॅटरी काढून पाटावर ठेवत, पुसत आणि फक्त प्लसच्या टोकाला कुंकू लावत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुंकवाकडे लाल तार.

यंदा मोतीलालजी हयात नव्हते. मुलगा भूपेंद्र मला विकायला निघाला होता. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंचा जीव मात्र माझ्यात अडकलेला. शेवटी तो म्हणाला, "आई, दसऱ्याले सुरू झाली तर ठेवू. नाई तर भंगारात देऊ."

यशोदाबाईंनी मोठ्या आशेनं पूजा मांडली. नवरा ज्या बाजूच्या टोकाला कुंकू लावायचा, त्याच बाजूला त्यांनी लावलं. पण या खेपेला बॅटरी पाटावर फिरवून ठेवलेली होती.

भूपेंद्रनं कुंकू पाहून लाल तार लावली. काळी तार दुसऱ्या, म्हणजे प्लसच्या जाड टोकावर बसेना, तर पान्यानं ठोकून बसवली. मोठी ठिणगी उडाली. दिवे लागले, म्हणून यशोदाबाईंनी हात जोडले. दिव्यांना काय, वीज उलटी आली तरी चालते! पण वीज तयार करणारा माझा अल्टरनेटर जळाला, तारा वितळल्या, बॉनेटखालून धूर निघाला. मी आतून बधिर झाले, ती अजून तशीच आहे.

मिस्त्री रुपेश आला. यशोदाबाई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "भाऊ, बॅटरी उलटी लागली ना! सारी वायरिंग जळाली. ह्या गाडीचे पार्ट आता भेटत नाई."

भूपेंद्र कुंकवाकडे पाहत राहिला.

पाण्याचा तांब्या घेऊन यशोदाबाई बाहेर आल्या. "माह्या पूजेत काई चुकलं काय रे?"

"नाई आई," तो म्हणाला. "गाडीच म्हातारी झालती."

म्हणून मित्रांनो, बॅटरी जोडताना तिच्यावरची प्लस-मायनसची खूण स्वतः पाहा. तार बसत नसेल तर ठोकू नका, थांबा. आणि कधी वडनेरला गेलात, यशोदाबाईंनी चहा पाजून माझी आठवण काढली, तर मी म्हातारपणानंच गेले, असं सांगा.