नळ सोडून रडणारी माणसं

मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, बाथरूमच्या दाराला आतून लावलेली. हसू नका, मित्रांनो! घड्याळ आपली कहाणी सांगायला लागलं की गप्प ऐकता ना? मग माझीही ऐका. घड्याळाला दिसत नाही ते मी पाहिलंय.

कारखान्यात मला तापवलं, वाकवलं, ठोकलं आणि कोयंड्याबरोबर तारेनं बांधून दुकानात धाडलं. तिथून आम्हा जोडीला एका पंक्चरवाल्यानं आणलं. त्याचं नवीनच लग्न झालेलं, भाड्याच्या दोन खोल्या आणि बाथरूमला कडीच नाही! बायको आत गेली की हा बाहेर राखणीला उभा. शेवटी तीच म्हणाली, "अहो, टायरांना एवढं मोठं कुलूप, आणि मला काहीच नाही?" त्याच दिवशी मी दारावर चढले.

पुढची वर्षं मजेत गेली. त्यांना मुलगी झाली. तिचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून ती भिंगरी. मग मुलगा झाला, तो पिल्लू. भिंगरी आत गेली रे गेली की पिल्लू दार बडवायचा, "ताई, शू लागली!" लागलेली कुठली, नुसता छळ. ती आतून ओरडायची, "कर तिथंच!" आणि मी खडखडून हसायचे.

एकदा पिल्लूला ताप चढला. दवाखान्यात नेलं. तो परत आलाच नाही.

त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही. कपडे माळ्यावर गेले, फोटो कपाटात गेला. पोरीसमोर डोळे पुसायचे नाहीत, असं आई-बाबांनी माझ्याच दाराशी उभं राहून कुजबुजत ठरवलं. तिला त्रास नको म्हणून.

पण रडू थोडंच ऐकतंय? आणि आतून कडी लागेल अशी घरात एकच जागा. आई शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवरून मध्येच उठायची, आत यायची, मला लावायची, नळ पूर्ण सोडायची आणि टॉवेल तोंडात कोंबून रडायची. शाळेतून आली की भिंगरी. दुकान बंद करून आला की बाप. तोच नळ, तोच टॉवेल! तिघं एकाच बादलीशेजारी बसून रडत होती आणि एकमेकांना पत्ता नाही. माझा जीव वरखाली व्हायचा. ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, आत्ताच तुझी आई इथून उठून गेली! पण कडीला तोंड कुठलं?

बोंब मारली ती टाकीनं. घरमालक तणतणत आला, "हत्ती धुता का काय आत? रोज टाकी रिकामी!"

बापाची मान खाली गेली. त्याला स्वतःचा नळ आठवला नाही, भिंगरीचा मात्र बरोब्बर आठवला. "तास तास आत काय करतेस गं? आता बघतोच कशी बसतेस!" म्हणत त्यानं स्क्रू काढले आणि मला समोरच्या फळीवर आदळलं. कोयंडा चौकटीवर एकटाच राहिला. असला राग आला मला! वाटलं, याच्या पायाच्या अंगठ्यावरच आदळावं.

त्या दिवसापासून भिंगरी बोलायचीच थांबली. जेवण चिवडायची आणि उठायची. शेवटी शाळेनं एक ताई पाठवली, मुलांच्या मनाचं बघणारी.

"आमची पोर वेडी नाही," बाप दारातच म्हणाला.

"मी कुठं तसं म्हणतेय, दादा?"

पण आत येऊन ताई चुकलीच. "मुलीला समोर बसवा, मोकळेपणानं रडा, सगळं बोला," असं सांगत सुटली. बापाचं डोकं तापलं. "आमच्यात बाप पोरीसमोर रडत नाही. चहा घ्या आणि निघा."

मला वाटलं, गेली ही. पण ती परत आली. म्हणाली, "मागच्या वेळी मी तुम्हाला काही विचारलंच नाही. तुमच्यात दुःख झालं की काय करतात?"

"काम करतात," आई मान वर न करता म्हणाली.

"मग मलाही द्या."

आईनं चुकलेली शिलाई उसवायला दिली. ताई आणि भिंगरी जमिनीवर बसल्या. ताईनं पहिलाच शर्ट टरकन फाडला. आई म्हणाली, "बाई, तुमची शाळेतली नोकरी सोडू नका हं." भिंगरीला फस्सकन हसू आलं. किती दिवसांनी!

मग ताई अधूनमधून यायची, उसवत बसायची, खोदून काही विचारायची नाही. एका दुपारी आई गणवेश पोचवायला गेली होती. भिंगरी हातातल्या कापडाशीच बोलली, "आई-बाबा माझ्यावर चिडलेत. म्हणून ते रडत नाहीत."

"का चिडतील?"

"मी पिल्लूला म्हटलं होतं, मर एकदाचा. मग तो मेलाच."

ताईनं कापड खाली ठेवलं. "तो तापानं गेला, भिंगरी. कुणाच्या बोलण्यानं कुणी मरत नाही. हे घरी सांगू या?"

"नाही!"

"बरं. तू म्हणशील तेव्हा."

वचन ताईनं पाळलं. वाटेत दुकानापाशी थांबून ती बापाला एवढंच म्हणाली, असं त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, "नाही रडलात तरी चालेल, दादा. पण तुम्हालाही पिल्लूचं दुःख आहे, हे पोरीला कळणार कसं?"

सांगून तो तडक बाथरूममध्ये गेला. नळ सोडला. मी गेल्यापासून सगळे दाराला आतून बादली लावायचे, आज तो विसरला. दार कर्र करत आपोआप उघडलं. बाहेर भिंगरी, नवा साबण द्यायला आलेली.

"डोळ्यात साबण गेला गं," बाप म्हणाला.

"साबण माझ्या हातात आहे, बाबा."

बापानं नळ बंद केला. "पिल्लूची आठवण येते," तो म्हणाला.

"तुम्ही रडता?"

"रोज. इथंच."

"मी पण इथंच."

मशीन थांबलं. आई दारात आली. "मग मी काय दिवसातून चारदा आंघोळीला येते होय?"

मग भिंगरी बोलली. ते 'मर'सुद्धा. बाप ओल्या फरशीवर बसला आणि तिला ओढून म्हणाला, "अगं, दवाखान्यात नेलं त्याच दिवशी मी त्याला नाटकं करतो म्हणून रागावलो होतो. अंगात ताप आहे हे मला तरी कुठं कळलं?"

त्या संध्याकाळी कुणी कुणाला रडू नको म्हटलं नाही.

सगळं छान झालं असं मी सांगणार नाही, मित्रांनो. भिंगरी शाळेत अजून मध्येच गप्प होते. फोटो भिंतीवर आलाय, पण आई त्याच्याकडे पाठ करून शिवते. ताई येते, शर्ट फाडते. मला बापानं परत दारावर लावलं, "पोर मोठी होतेय, तिला कडी हवी," म्हणून.

मला तेल घाला, नका घालू, गंज माझा मी बघेन. पण घरात कुणी फार वेळ आत बसलं, नळ उगाच वाहत राहिला, तर पाण्यावरून ओरडू नका. दारावर हळूच टकटक करा आणि बाहेर थांबा. आणि आत तुम्हीच असाल, तर आई, मामा, शेजारची काकू, शाळेतली ताई, ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याला सांगा. मी दार घट्ट धरू शकते. आतल्याला जवळ घेणं मला जमत नाही. त्याला माणूस लागतो.