मेलेल्या उंदराची चार पानं

मी एक पुस्तक बोलतंय. चित्रांचं, बत्तीस पानांचं, पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी. माझ्यात एक उंदीर आहे. दहाव्या पानावर तो मरतो. तेराव्यापर्यंत मुंग्या आणि अळ्या त्याला खाऊन संपवतात आणि चौदाव्यावर त्या मातीत गवत उगवतं. चित्रकर्तीने खरा मेलेला उंदीर समोर ठेवून रोज एक चित्र काढलं होतं. घरभर वास सुटला, नवरा आठवडाभर बोलला नाही. पण माझ्यात खोटं काही नाही, याचा मला भारी तोरा होता.

बालवर्गाच्या बाईंनी मला निवडलं. त्यांची रीत सोपी. तीन पुस्तकं जमिनीवर ठेवायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. ज्याच्यावरून भांडणं होतील ते घ्यायचं. हसऱ्या ग्रहांच्या चकचकीत पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यापायी दोघांची डोकी आपटली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

वर्गात एक मुलगी होती. तिची आई दोन महिन्यांपूर्वी वारली होती. घरच्यांनी तिला सांगितलेलं, आई दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. अख्ख्या शाळेला खरं ठाऊक होतं, तिला सोडून. ती मला घरी घेऊन गेली आणि दहावं पान उघडून बसली. जेवताना म्हणाली, "बाबा, आई मेलीये ना?"

बाबांनी तिच्या थोबाडीत दिली. मग तोंड फिरवून रडले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शाळेत आले. "असली घाण पोरांच्या हातात देता? ती आईला विसरत चालली होती हो!" मुख्याध्यापिका बाईंना म्हणाल्या, "तेवढी पानं बंद करून टाका." बाईंनी स्टेपलर आणला. सहाच्या सहा पिना नीट बसल्या. आता माझा उंदीर नवव्या पानावर पळतो आणि लगेच गवत येतं.

मुलीने मला पुन्हा उचललं. पिनांवरून बोट फिरवलं. "बाई, उंदीर मेला ना?"

"नाही गं राणी. पळाला तो, गवतात लपलाय."

तिने बाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग मला मिटून फळीवर ठेवलं. त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलेलं नाही. डबा संपवते, ओळीत उभी राहते. बाई इतर पोरांना सांगतात, "बघा, कशी शहाण्यासारखी वागते!"

मी अजून त्याच फळीवर आहे. पिना गंजल्यात. त्या काढायची हिंमत नसेल तर मला खुशाल रद्दीत घाला, माझी तक्रार नाही. पण त्या पोरीला शहाणी म्हणू नका.