उजव्या बाजूचं वजन

माझ्या मुलाने, अंबरीशने, पिस्तुलाचा फोटो मला दाखवला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गवार मोडत होतो. रविवार होता. आइंडहोवनच्या इंडियन दुकानात गवार महिन्यातून एखाद्या वेळी मिळते, आणि ती मोडायचं काम सूनबाई माझ्यासाठी राखून ठेवते, कारण मी ते हळू करतो आणि मला त्यात बरं वाटतं. अंबरीशने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही कोतात होता. हे कसं आहे सांगा."

कोत म्हणजे पोलीस हेडक्वार्टरमधली हत्यारांची खोली. साताऱ्याला तिथे मी एकतीस वर्षं काढली. शाळा सातवीपर्यंतच झालेली, त्यामुळे शिपाई म्हणूनही भरती झालो नाही, मदतनीस म्हणूनच लागलो आणि मदतनीस म्हणूनच सुटलो. हत्यारं पुसायची, तेल द्यायचं, सकाळी ज्याची त्याला द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. पहिल्याच दिवशी तिथल्या हवालदाराने मला एक गोष्ट शिकवली होती. कोणाच्याही हातात हत्यार देण्याआधी ते उघडायचं, आपण आत बघायचं, घेणाऱ्याला आत दाखवायचं, आणि मगच द्यायचं. आत्ताच तपासलंय, रोजचाच माणूस आहे, असलं काही चालत नसे. पुढे पुढे तर मला आत बघण्याआधीच हातातल्या वजनावरून कळायचं, भरलेलं आहे की रिकामं. तरीही मी बघायचोच.

फोटोतलं पिस्तूल काळं, बुटकं, तळहातात मावेल एवढं होतं.

"गोळी जाड दिसते," मी म्हणालो.

"पॉइंट फोर फाइव्ह."

"आणि नळी आखूड. मनगटाला झटका देईल. नेम धरायला हे बरं नाही रे. तुमच्या क्लबात लोक लांब नळीचं घेत असतील ना?"

"मला नेम धरायचा नाहीये, आप्पा. मला ते जॅकेटखाली मावलं पाहिजे."

ओट्याकडे तोंड करून उभी असलेली ऋजुता, माझी सून, मागे न वळता म्हणाली, "घे की. ऑफिसात मीटिंगला बसलास की लॅपटॉपशेजारी ठेव. प्रमोशन लवकर होईल."

"तुला गंमत वाटते."

"गंमत नाही वाटत. तुरुंगात डबा पोचवायला लागेल याची भीती वाटते."

तिचं खरं होतं. इथे क्लबात वर्षभर नेमबाजी शिकली की पोलीस परवाना देतात, पण हत्यार घरातल्या तिजोरीत ठेवायचं आणि कुलूपबंद पेटीतून क्लबात न्यायचं, एवढ्यापुरताच. अंगावर बाळगायला कोणालाच मुभा नाही. अंबरीशला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आपल्यापैकी कुणी सिग्नल तोडला तरी त्याला खपत नसे, असा तो मुलगा.

पण मागच्या वर्षी ऑगस्टात, ऑफिसातून सायकलवर घरी येताना, कालव्याच्या काठी तिघांनी त्याला पाडलं. पाकीट घेतलं नाही, फोन घेतला नाही. नुसतं पाडलं, तोंडावर लाथ मारली, हसले आणि चालायला लागले. समोरचे दोन दात गेले. डिसेंबरात पोलिसांचं पत्र आलं की तपास थांबवला आहे. ते पत्र अंबरीशने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं आणि कोणाला काढू दिलं नाही. नवे दात बसले, पण त्या दिवसापासून तो घरात आमच्याशी बोलायचा ते सगळं बारीक धार लावून बोलायचा. मला एकदा म्हणाला, "तुमच्या हातून हजारो पिस्तुलं गेली असतील, आप्पा. त्यातलं एक तरी तुमचं होतं का?" माझं एकही नव्हतं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, हे त्याला कसं सांगायचं ते मला समजेना.

पिस्तूल क्लबातल्या एका म्हाताऱ्याचं होतं, व्हिम नावाच्या. त्याचे हात थरथरायला लागले म्हणून तो विकत होता. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी अंबरीशने त्याला हो की नाही ते सांगायचं होतं.

"तुम्ही सांगा आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार."

मी म्हणालो, "बघू." मला तेव्हाच नको म्हणता आलं असतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच तो माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला होता, फोटो मोठा करून दाखवत होता, विचारत होता. ते संपू नये असं मला वाटलं.

खंडेनवमीला मी दरवर्षीप्रमाणे पाट मांडला. दोन लॅपटॉप, सायकलच्या किल्ल्या, सुऱ्या, पान्हे, माझी नात मृण्मयी हिची कंपासपेटी. प्रत्येकाला हळदकुंकू लावून झाल्यावर अंबरीश दारात टेकून म्हणाला, "माझं अजून यायचंय. त्याची जागा ठेवा, आप्पा." थट्टेतच म्हणाला, पण डोळे पाटावरच होते.

माझी आई, विळा कोणाकडे गेलेला असला की पाटावर त्याच्या जागी हळकुंड ठेवायची. मलाही तेच सुचलं. मसाल्याच्या डब्यातून एक हळकुंड घेतलं, जरा वाकडं, बुटकं, आणि सुरीच्या शेजारी ठेवून त्याला कुंकू लावलं. एखाद्या हट्टाला घरातच पाटावर बसायला जागा दिली की तो तिथेच निवेल, असं मला खरोखर वाटलं होतं. ऋजुता माझ्याकडे बघत राहिली, पण पूजेच्या वेळी ती मला बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पाटावरची हत्यारं मी एकेक उचलून ज्याची त्याला वापरायला दिली. मृण्मयीने पेटी घेतली, ऋजुताने लॅपटॉप घेतला. शेवटी हळकुंड उरलं. "माझं कुठंय?" म्हणत अंबरीशने हात पुढे केला. मी ते उचललं, आणि माझ्या तळहाताला कळलं की ते भरलेलं आहे.

कसं ते मला सांगता येत नाही. बोटाएवढं वाळकं हळकुंड, त्याला वजन ते काय असणार. पण एकतीस वर्षं जो हात रोज सकाळी हे ओळखत आला, त्याने ते ओळखलं. मी थांबायला हवं होतं. तसंच्या तसं खाली ठेवायला हवं होतं. पण हळकुंड उघडून कोणाला कसं दाखवणार? मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने ते झटकन पँटच्या पट्ट्यात उजव्या बाजूला खोचलं, "चला, माझंही निघालं," म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

संध्याकाळी ऋजुताला ते हळकुंड धुवायच्या कपड्यांत सापडलं. मृण्मयीला खोकला होता, म्हणून ऋजुताने तेच सहाणेवर उगाळून दुधात घातलं. मी विचारलं, जड लागलं का गं हाताला? ती म्हणाली, "हळकुंड? आप्पा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंबरीश सकाळी ऑफिसला निघाला आणि मी खिडकीतून त्याला बघितलं. कमरेला हत्यार असलेला माणूस कसा चालतो हे मी रोज बघत आलोय. उजवा हात डाव्याइतका हलत नाही, तो शरीरापासून चार बोटं लांब राहतो. खुर्चीवर बसताना माणूस आधी उजवा कुल्ला जरा उचलतो. गाडीत बसताना जॅकेटचा काठ पुढे ओढतो. अंबरीश सायकलवर बसला तो कुल्ला उचलून, आणि मग त्याने जॅकेटचा काठ पुढे ओढला.

मला वाटलं, त्याने मला न सांगता घेतलं. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची पँट चाचपली, कपाट बघितलं, सायकलच्या पिशव्या बघितल्या. स्वतःच्या मुलाची झडती घेताना हात कसे होतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. काही नव्हतं. पट्टा तेवढा उजवीकडे खाली ओढला जाऊन लांबला होता, वर्षानुवर्षांचं ओझं पेलल्यासारखा, आणि तो पट्टा जूनमध्ये मीच त्याला वाढदिवसाला दिला होता.

मृण्मयी रोज जेवणानंतर बापाच्या कुशीत बसून टीव्ही बघते. आता ती डावीकडेच बसू लागली. मी तिला म्हटलं, इकडं बस की, इकडून नीट दिसेल. ती मान हलवून म्हणाली, "नो, आजोबा. दॅट साइड टोचते." अंबरीशने ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ऋजुतानेही त्याला टोमणे मारायचं सोडलं. मला आधी वाटलं, बरं झालं, घर शांत झालं. मग एकदा मी तिला त्याच्या ताटात भात वाढताना बघितलं. ती डावीकडून वाढायला टेबलाला वळसा घालून गेली, आणि वाढताना तिने श्वास रोखला होता.

बुधवारी मी आणि अंबरीश स्टेशनजवळ भाजीला गेलो. समोरून चार-पाच तरुण पोरं आली, मोठ्याने बोलत, रस्ता अडवून. मागच्या वर्षभरात अशी पोरं दिसली की अंबरीश रस्ता ओलांडायचा, मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो. त्या दिवशी तो सरळ चालत राहिला. पोरं आमच्यापासून दहा पावलांवर असताना गप्प झाली आणि बाजूला झाली. त्यातल्या एकाने दोन्ही तळहात थोडे वर केले, अगदी थोडे, कोणाला दिसू नयेत इतके. आम्ही पुढे गेल्यावर मी अंबरीशच्या कमरेला हात लावला. शर्ट होता, पट्टा होता, खाली त्याचं हाड लागलं.

"काय शोधताय, आप्पा?"

"काही नाही."

"सापडलं का?" म्हणाला, आणि हसला, त्या नव्या दोन दातांसकट. इतका मोकळा तो कितीतरी दिवसांत हसला नव्हता, आणि मला ते हसू बघवेना.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगून टाकलं. "अंबरीश, नको. तू विचारलं होतंस, मी सांगतोय. घेऊ नकोस ते." ऋजुता भांडी घासता घासता थांबली.

"बरं," तो म्हणाला. "पण व्हिमला शब्द दिलाय. बघून तरी येऊ. तुम्ही चला बरोबर."

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. व्हिमचं घर गावाबाहेर होतं, मागे सफरचंदाची झाडं, आत सगळं स्वच्छ पुसलेलं. त्याने कॉफी दिली, प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं, आणि तिजोरीतून पेटी आणली. त्याचे हात खरोखर थरथरत होते. पण पिस्तूल उचलल्यावर त्याने ते आधी उघडलं, डोळ्यांजवळ नेऊन आत बघितलं, मग अंबरीशला आत दाखवलं, मग मला दाखवलं, आणि मगच माझ्या हातात दिलं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मी मान डोलावली आणि त्यानेही डोलावली. परक्या मुलखात इतक्या ओळखीचं मला दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

पिस्तूल माझ्या तळहातावर होतं. लोखंड थंड होतं, तेलाचा वास तोच होता. पण त्याला वजन नव्हतं. रिकामं म्हणून हलकं, तसं नव्हे. रिकाम्याचंही वजन माझ्या हाताला पाठ आहे. हे वाळून पोकळ झालेल्या मुळासारखं होतं, फुंकर मारली असती तर उडालं असतं. मी घाईने ते अंबरीशकडे दिलं. त्याने ते हातात फिरवलं, एकदा वरखाली करून जोखलं आणि खेळणं परत करावं तसं टेबलावर ठेवलं.

"नको," तो मला मराठीत म्हणाला. मग व्हिमला इंग्रजीत सांगितलं की माफ करा, विचार बदलला, मला आता याची गरज वाटत नाही.

मला जे हवं होतं तेच झालं होतं. घरी गेल्यावर ऋजुताला सांगायचं, मृण्मयीला सांगायचं, की तुझ्या बाबाने आजोबाचं ऐकलं. मी ते मनात जुळवून बघत होतो आणि माझ्या तोंडाला कॉफीचा कडूपणा तसाच चिकटून राहिला होता. अंबरीश उठला, उठताना त्याने जॅकेटचा काठ पुढे ओढला आणि गाडी आणायला बाहेर गेला.

व्हिम माझ्याबरोबर दारापर्यंत आला. तो रागावलेला दिसत होता, पण म्हाताऱ्या माणसांसारखा, आवाज न चढवता. मला समजावं म्हणून त्याने एकेक इंग्रजी शब्द सुटा सुटा करून उच्चारला, आणि बोलताना स्वतःच्या उजव्या कमरेवर हात ठेवला. माझ्या घरात लहान नातवंडं येतात, तो म्हणाला. तुमच्या मुलाने ते आत आणायला नको होतं. पुढच्या वेळी बाहेर ठेवून यायला सांगा.

मी त्याला सॉरी म्हणालो.