बोलावल्याशिवाय

किसनरावांच्या नातीच्या लग्नात तिसरी पंगत उठली, तरी शंकरराव मांडवाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशीच बसून होते. साखरखेर्ड्यात कोणाचंही कार्य असो, त्यांची जागा हीच. "मी साधा माणूस, मले काय पुढं बसाचं," असं ते म्हणत. मग घरचं कोणीतरी येई, हाताला धरून त्यांना पंगतीत नेऊन बसवी. आज कोणी आलं नव्हतं.

पोटात कावळे ओरडत होते. उठून घरी जावं, तर लग्नघरातून उपाशी गेलेला माणूस म्हणजे रुसलेला माणूस. किसनरावांची नि त्यांची दोस्ती लंगोटी घालायच्या वयापासूनची. ती आज तुटली असती. पण आपण होऊन बसायचं तरी कसं?

शंकररावांची सून योगिनी जवळ आली. ती मेहकरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची.

"मामाजी, जेवले नाही अजून?"

"बोलावलं कोणी?"

ती नुसती हसली आणि शंकररावांना परवाची गोष्ट आठवली. वर्गात शिकवायची एक जुनी इंग्रजी कादंबरी तिनं ओसरीवर सांगितली होती. त्यात एक जमीनदार, कोणाच्या रामरामाला मान न हलवणारा. आणि एक निवृत्त पाद्री, चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर बसणारा, पुढं या म्हटल्याशिवाय न उठणारा.

"सांगा, यातला गर्विष्ठ कोण?" तिनं विचारलं होतं.

"जमीनदार. त्यात काय विचारतं?"

"पोरंही पेपरात तेच लिहितात. पण त्याचा गर्व तोंडावर दिसत होता. एका बाईनं चार शब्द सुनावले, उतरला. पाद्र्याचा गर्व नम्रतेखाली झाकलेला. एकदा पुढं बोलवायचं राहिलं, तर गड्यानं चर्चच सोडलं."

"गरीब माणसावर काऊन घसरली तुही कादंबरी?" शंकरराव तेव्हा चिडले होते. आता तो पाद्री आपल्याला खेटून बसलाय असं त्यांना वाटलं.

"चौथी पंगत बसून राह्यली, मामाजी," योगिनी एवढंच म्हणाली.

शंकरराव उठले. पोरासोरांच्या रांगेत जागा दिसली, तिथं मांडी घातली. कोणी वळूनही पाहिलं नाही. पत्रावळ आली, भात आला. वरणाची बादली घेऊन वाकत वाकत आलेले किसनराव मात्र थबकले.

"अबे, तू इथं? मी आताच टाकीपाशी माणूस धाडला तुले उठवाले."

"मी माह्या मनानं बसलो."

"बरं केलं बापा. दर कार्यात तुह्यासाठी एक माणूस राखून ठेवा लागते. आज वाढपी कमी. सकाळपासून जीव टांगणीले, शंकर रुसला तं काय करू."

शंकररावांचे कान तापले. "म्हणजे लोकायले माहीत हाये?"

"साऱ्या गावाले. तुलेच नव्हतं."

शेजारचं पोरगं फिसकन हसलं. शंकररावांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं, ते आवरेना. किसनरावांनी बादली दुसऱ्याच्या हाती दिली आणि गुडघ्यावर हात टेकत त्यांच्या बाजूला बसकण मारली.

"सरक बे जरा," ते म्हणाले. "आता मलेही भूक लागली."