कवळी काढल्यावरचं बोलणं

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "आजी, कवळी रोज काढता ना?"

चंपाबाईंनी मान हलवली. होय की नाही ते कळू नये अशी.

दमयंती आईच्या शेजारी बसली होती. दोन वर्षांपूर्वी परळच्या याच दवाखान्यात आईच्या खालच्या जबड्याच्या हाडात दोन खिळे बसवले होते. कवळी त्यांवर खटकन बसायची. आता खिळ्यांभोवतीची हिरडी लालभडक झाली होती, दाबली की पू येत होता.

"दात नाहीत म्हणून हिरड्यांचा आजार टळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खिळ्याभोवती घाण साचली की आधी हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजतं. हे बघा, इथलं गेलंय. आणखी गेलं तर खिळे काढावे लागतील."

दमयंती चिडली. "आई, कितीदा सांगितलं, झोपताना काढून ठेव म्हणून! सत्तरी उलटली, आता कोणाला दाखवायचेत दात?"

"ह्यांका," आई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. आई हसली नाही.

"माझ्या तोंडात दात नसले की ह्यांका माझा बोलणा कळणा नाय."

ह्यांका म्हणजे दमयंतीच्या बाबांना. बाबांनी लालबागच्या गिरणीत सव्वीस वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. त्या खडखडाटात माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलत. संप झाला, गिरणी बंद पडली, तोवर बाबांचे कान गेले होते. मग घरात आई आवाज न करता, ओठ नीट हलवून त्यांच्याशी बोलायची. संपाच्या दिवसांत आज चूल पेटायची की नाही, ते दोघं असंच ठरवत. पोरांना पत्ता लागत नसे. पुढे आईचे दात पडले, ओठ आत गेले आणि ते बोलणंच थांबलं. दमयंतीने खिळे बसवून घेतले ते आईला चावता यावं म्हणून. आईला ते कशासाठी हवे होते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"पुढच्या वेळी आजोबांना घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

हिरडी उघडून खिळे साफ केले. पुढे टाके निघाले, त्या दिवशी बाबा आले. डॉक्टरांनी त्यांच्या हातात बारीक ब्रश दिला आणि कागदावर लिहिलं : रोज दुपारी, तुम्ही. बाबांनी चष्मा पुसून आईच्या तोंडात वाकून पाहिलं.

"साच्याखालचो कापूस काढतत, तसाच!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचे पेशंट डोकावले.

आई कवळीशिवाय पुटपुटली, "अवो, हळू. तोंड आसा माझा, गिरणी नाय."

"काय म्हणता?" बाबांनी डॉक्टरांना विचारलं.

"पुन्हा सांगा, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "कळेपर्यंत सांगा."

आईने चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा बाबा खो खो हसले.

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की कवळी वाटीत, आई खिडकीपाशी आणि बाबा ब्रश घेऊन समोर. पाच मिनिटांचं काम तासभर चालायचं, कारण चाळीतल्या चहाड्या आई मुद्दाम तेव्हाच सांगायची. पुढे रात्रीही कवळी वाटीतच राहू लागली. गेलेलं हाड परत आलं नाही. आणखी गेलंही नाही.

चार वर्षांनी आई इस्पितळात होती. नर्सने कवळी काढून ठेवली होती, आवाजही उरला नव्हता. आईचे ओठ हलले. दमयंतीने कान जवळ नेला, तिला काही कळलं नाही. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून नुसते बघत होते.

"आई म्हणता, तू कालपासून त्याच साडयेत आसस," ते म्हणाले. "घराक जा, न्हाऊन ये."

आईचे ओठ पुन्हा हलले. या वेळी बाबा हसले आणि डोळे पुसत राहिले. दमयंतीने खुणेनेच विचारलं, काय?

"तां माझ्यासाठी आसा," बाबा म्हणाले.

महिन्याभराने दमयंती एकटीच दवाखान्यात गेली. आई गेल्याचं ऐकून डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "खिळ्यांनी शेवटी त्रास दिला का?"

"नाही," दमयंती म्हणाली. "कवळी नव्हती, तरी दोघं शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होती."

आभाराचं वाक्य तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. ते काही तोंडून निघेना. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.