बोलायचा बाक

कोपऱ्यात टेकवलेली ही जुनी काठी म्हणजे मी, मित्रांनो. पापडी गावातल्या आमच्या वाडीतल्या पेरूच्या फांदीतून प्लासिडबाबांनी मला स्वतः कोयत्याने घडवलं. चर्चच्या वाटेवर माणसं आधी त्यांची विचारपूस करत आणि मग मला हातात घेऊन बघत. तेव्हा माझा केवढा तोरा होता!

बाबांच्या पत्नी अँजेलिनाआजी वारल्या आणि मुलगा जेसन आम्हाला इंग्लंडला घेऊन गेला. तिथे जिकडेतिकडे पाट्या. एका लाल त्रिकोणात तर काठी टेकणारं वाकलेलं जोडपं! आपल्याकडे रस्त्यावर लाल त्रिकोण म्हणजे पुढे धोका. बाबा म्हणाले, "इथले म्हातारे चावतात की काय रे?"

"गाड्यांनी हळू जावं म्हणून आहे ते, डॅडी," जेसन हसत म्हणाला.

जेसन आणि सून दिवसभर कामावर. बाबांशी बोलायला भिंती तेवढ्या उरल्या. मग एका रविवारी बागेत, बाकावर एक पाटी दिसली. जेसनने ती वाचून दाखवली: 'कुणी गप्पा मारायला आलं तर चालणार असेल, तर इथे बसा.'

"बोलायलाही पाटी लागते?" बाबा पुटपुटले. "मग श्वास घ्यायची कुठे लावलीय?"

तरी दुसऱ्या दिवशी ते चर्चमध्ये मिस्साला घालायचा कोट चढवून तिथे जाऊन बसले. रोज बसू लागले. माणसं मान हलवून पुढे जात. अखेर एक बाई शेजारी टेकली आणि बाबांना आभाळ ठेंगणं झालं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी पापडीत विचारतात तेच विचारलं. लग्न झालं? मुलं किती? नाहीत? का बरं? पगार पुरतो का? बाई ताडकन उठून गेली.

संध्याकाळी बाबांनीच हे सांगितलं. जेसन वैतागला. "डॅडी, इथे असं पर्सनल विचारत नाहीत. तुम्ही कुणाशी बोलूच नका!"

वर्षभराने आम्ही पापडीला परतलो. शेजारचा बॅप्टिस्ट धावतच आला. "काय रे प्लासिड, जेवलास का? सुनेला पगार किती तिकडे?"

बाबांनी माझ्यावर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "असं विचारू नये."

"साहेब झालास होय!" बॅप्टिस्ट तोंड पाडून निघून गेला. प्लासिडला शिंगं फुटली, असं गावभर झालं आणि हळूहळू सगळ्यांचंच येणं थांबलं. तो गर्व नव्हता हो, धास्ती होती. पण लाकडाने सांगायचं कुणाला?

आता बाबा बाहेर पडत नाहीत. माझ्यावर धूळ बसते. मित्रांनो, म्हाताऱ्यांचे प्रश्न आगाऊ वाटले तरी उत्तर देत जा. आणि त्यांना काही बजावताना जपून बजावा. कधीकधी ते खरंच ऐकतात.